कंपनीचा वकील कोणाचा?

अशिलाला दिलेल्या सल्ल्याबद्दल वकिलालाच चौकशीसाठी बोलावण्याचा जो प्रघात तपास यंत्रणांनी पाडू पाहिला होता, त्याला सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयाने लगाम घातला. वकीलवर्गाला या निर्णयाने समाधान वाटले असल्यास नवल नाही. परंतु याच निर्णयाच्या एका भागाकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही. कंपनीच्या पदरी पूर्णवेळ पगारी नोकरीत असलेला वकील हा न्यायालयात वकिली करणारा वकील नव्हे. सबब भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमातील गोपनीयतेचे कवच त्याला लाभणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आहे. १३४ व्या कलमाखालील मर्यादित संरक्षणही मालक आणि त्याचा पगारी वकील यांच्या आपसांतील विचारविनिमयाला मिळणार नाही. हा प्रश्न केवळ वकिलांपुरता आहे असे कोणी समजू नये.

एके काळी कंपनीचा पगारी वकील म्हणजे करारनामे तपासणारा, नोटिसांना उत्तरे देणारा आणि तारखांची वही सांभाळणारा मनुष्य होता. महत्त्वाचा मामला आला की नामांकित बॅरिस्टरकडे धाव घ्यायची, असा शिरस्ता असे. हे चित्र प्रथम अमेरिकेत पालटले. १९८७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बेन हाइनमन यांच्याकडे आपला विधी विभाग सोपवला. त्यांनी नामवंत वकील कंपनीत आणून त्या विभागाला व्यवस्थापनाच्या पंक्तीला बसवले. पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. आज बहुराष्ट्रीय कंपनीचा विधीप्रमुख मुख्याधिकाऱ्याच्या शेजारी बसतो. लाचलुचपतविरोधी कायदे, मक्तेदारीचे निर्बंध, पर्यावरण, ग्राहकांची खाजगी माहिती या साऱ्यांत त्याचा शब्द लागतो. आपल्या बंगळूर, हैदराबाद, पुणे या शहरांतील कार्यालयांतून अशा कंपन्यांची कायद्याची कामे चालतात. पणजी-मडगावच्या महाविद्यालयांतून कायद्याची पदवी घेणाऱ्या आमच्या तरुणांनाही हे क्षेत्र खुले आहे. म्हणूनच या नोकरीचा धर्म कोणता, हे त्यांना आधीच ठाऊक असलेले बरे.

हाइनमन यांनी या पदाची अडचण नेमकी ओळखली होती. हा वकील व्यवस्थापनाचा भागीदार असतो आणि कंपनीचा पहारेकरीही असतो. भागीदारी गोड लागते, पहारा कडू लागतो. आणि पगाराचा धनादेश भागीदाराच्याच हातून येतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही.

टाळी वाजवण्याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रकरणात जगाने पाहिले. या कंपनीच्या काही मोटारींतील किल्लीचा खटका धावत्या गाडीत आपोआप सरके. त्यासरशी इंजिन बंद पडे आणि अपघातसमयी जीव वाचवणारी हवेची पिशवी उघडतच नसे. हा दोष कंपनीतील काही मंडळींना अनेक वर्षे ठाऊक होता. मृतांच्या नातेवाइकांचे दावे विधी विभागाकडे येत होते आणि कंपनीचे वकील ते एकेक करून गुपचूप मिटवीत होते. गाड्या परत मागवण्यास २०१४ साल उजाडले. आपल्याला त्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत काहीच कळले नव्हते, असे खुद्द विधीप्रमुखांना सिनेटच्या समितीपुढे सांगावे लागले. त्या वर्षी ज्या पंधरा जणांना कंपनीने घरी पाठवले, त्यांत वकीलही होते. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यू या दोषाच्या खाती मान्य केले. प्रत्येक दाव्याची तडजोड कदाचित कायद्याला धरून झाली असेल. पण दाव्यांची चळत पाहून “गाड्या थांबवा” असे वर जाऊन सांगणारा कोणी निघाला नाही. आपल्या देशाला हे निराळे सांगायला नको. भोपाळच्या कारखान्यातील उणिवा कंपनीच्याच पथकाने १९८२ मध्ये कागदावर नोंदवल्या होत्या. तो कागद १९८४ च्या त्या काळरात्री कोणाच्याही उपयोगी पडला नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या तर्काला युरोपचाही आधार आहे. आक्झो नोबेल कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये असेच म्हटले होते की, पगारी वकील मालकावर आर्थिकदृष्ट्या अवलंबून असल्याने तो बाहेरच्या वकिलाइतका स्वतंत्र असू शकत नाही. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या अपजॉन खटल्यात गोपनीयतेचे संरक्षण कंपनीच्या वकिलाशी कर्मचाऱ्यांनी केलेल्या बोलण्यालाही दिले. सल्ला गुप्त राहणार नसेल तर अधिकारी खरे बोलणार नाहीत आणि गैरप्रकार अधिकच खोल दडतील, हा त्या पक्षाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

परंतु अमेरिकेने संरक्षणाबरोबर कर्तव्यही लादले. एन्रॉन कंपनी २००१ मध्ये कोसळल्यावर २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सले कायद्यानुसार नियम झाले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या वकिलाला गंभीर कायदेभंगाचा पुरावा दिसल्यास त्याने तो विधीप्रमुखाच्या वा मुख्याधिकाऱ्याच्या कानी घालावा आणि समाधानकारक उत्तर न आल्यास संचालक मंडळाकडे जावे, असे बंधन आले. आपल्याकडे मात्र दोन्ही बाजू रित्या आहेत. बार कौन्सिलच्या ४९ व्या नियमानुसार पूर्णवेळ नोकरी धरताच वकिलाला वकिली थांबवावी लागते. गोपनीयतेचे कवच आता नाही, वर जाऊन सांगण्याचे असे खास बंधन नाही आणि सांगितल्यास नोकरी टिकण्याची हमीही नाही. हिशेबतपासनिसाची स्थिती पाहा. कंपनीच्याच माणसांनी तिची एक कोटी रुपये वा त्याहून अधिक रकमेची फसवणूक केल्याचे दिसल्यास, २०१३ च्या कंपनी कायद्याने त्याला केंद्र सरकारला कळवावेच लागते. आणि सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्याला मुदतीपूर्वी काढताही येत नाही. आकड्यांच्या राखणदाराला जे मिळाले, ते कायद्याच्या राखणदाराला का मिळू नये?

आमच्या मते न्यायालयाने आपले काम केले आहे; उरलेले काम संसदेचे आहे. मोठ्या कंपनीच्या विधीप्रमुखाची नेमणूक व बडतर्फी संचालक मंडळाच्या संमतीनेच व्हावी. गंभीर कायदेभंग मंडळापुढे लेखी मांडणे त्याचे कर्तव्य ठरावे आणि ते बजावल्याबद्दल त्याला शिक्षा होऊ नये. एवढे झाल्यावर मर्यादित गोपनीयतेचा विचार खुशाल करावा. कर्तव्याआधी कवच देणे म्हणजे कंपन्यांना कुलूपबंद कपाट बहाल करणे होय.

रामशास्त्री प्रभुणे हेही पेशव्यांच्या दरबारचे वेतन घेणारेच होते. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून त्यांनी पुणे सोडले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. सगळ्यांकडून रामशास्त्रीपणाची अपेक्षा कोणताच कायदा करू शकत नाही. पण खरे बोललेल्या माणसावर गाव सोडण्याची पाळी येऊ नये, एवढी तजवीज कायद्याला निश्चित करता येईल.