दोन इंचांचे अर्थकारण

लांब पल्ल्याच्या विमानातील आसन किती रुंद असावे, या प्रश्नाशी समाजवादी चळवळीचा काय संबंध, असे काही कार्यकर्त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. ज्या देशात कोट्यवधी लोक रेल्वेच्या सर्वसाधारण डब्यात उभ्याने प्रवास करतात, त्या देशात विमानप्रवाशांच्या गुडघ्यांची चिंता वाहणे हा सुखवस्तूंचा चोचला वाटू शकतो. तथापि हा आक्षेप वरवरचा आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेली साताऱ्याची आई, शैक्षणिक कर्ज काढून परदेशी विद्यापीठात जाणारा विद्यार्थी, ब्रिटनमधील रुग्णालयात नोकरीस निघालेली परिचारिका हे काही धनिक नव्हेत. मुंबई ते न्यूयॉर्क हे सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर न थांबता कापण्यास पंधरा-सोळा तास लागतात आणि तेवढा वेळ या माणसांना एका आसनात जखडून बसावे लागते. त्याहून महत्त्वाचे असे की, भांडवली व्यवस्था माणसांची वर्गवारी कशी करते आणि त्या वर्गवारीतून पैसा कसा काढते, हे विमानाच्या बंदिस्त नळकांड्यात जितके उघड दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते. तेथे विषमता इंचांत मोजता येते.

‘प्रीमियम इकॉनॉमी’ नावाचा वर्ग १९९० च्या दशकाच्या आरंभी जन्मास आला. ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिक आणि तैवानच्या इव्हा एअर या कंपन्या त्यात अग्रेसर होत्या. २००० साली ब्रिटिश एअरवेज, २०१४ मध्ये लुफ्तान्सा, २०१५ मध्ये सिंगापूर एअरलाइन्स असे एकेक करून बहुतेकांनी हा मधला वर्ग स्वीकारला. सामान्य वर्गातील हालांना कंटाळलेल्या, पण ‘बिझनेस’चे भाडे न परवडणाऱ्या प्रवाशाला थोडी रुंद खुर्ची, पाय पसरण्यास थोडी अधिक जागा आणि थोडे बरे जेवण द्यायचे, असे या वर्गाचे वर्णन केले जाते. वर्णन खरे आहे. परंतु ‘थोडी रुंद’ म्हणजे कशाहून रुंद, हा प्रश्न विचारल्याखेरीज त्या वर्णनाचा अर्थ लागत नाही.

त्याचे उत्तर साध्या भागाकाराने मिळते. बोइंग ७७७ विमानाच्या अंतर्भागाची रुंदी सुमारे २३१ इंच आहे, एअरबस ए-३५० ची २२१ इंच, बोइंग ७८७ ची २१६ इंच आणि एअरबस ए-३८० च्या खालच्या मजल्याची सुमारे २५६ इंच. ही रुंदी एका ओळीतील आसनांनी भागली की प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला किती जागा येते, हे ढोबळमानाने कळते. मधल्या दोन वाटा व हात टेकण्याचे दांडे या वाट्यातच धरलेले आहेत. प्रीमियम इकॉनॉमीत ७७७ मध्ये बहुधा दोन-चार-दोन अशी आठ आसने असतात, म्हणजे वाटा २८.९ इंच. ए-३५० मध्येही आठच आसने, पण विमान अरुंद, म्हणून वाटा २७.६ इंच. ७८७ मध्ये बहुतेक कंपन्या दोन-तीन-दोन अशी सात आसने बसवतात, तेव्हा वाटा ३०.९ इंच होतो. एमिरेट्सच्या ए-३८० मध्ये खालच्या मजल्यावर आठ आसनांना मिळून प्रत्येकी ३२ इंच येतात. म्हणजे एकाच नावाच्या वर्गात, जवळजवळ सारख्याच भाड्यात, विमानागणिक चार इंचांहून अधिक फरक पडतो. तिकिटावर मात्र वर्गाचे नाव छापलेले असते, इंच छापलेले नसतात. धान्य किंवा कापड अशा रीतीने विकणाऱ्या दुकानदारावर वजनमापे खात्याने केव्हाच खटला भरला असता.

आता हाच भागाकार सामान्य वर्गाला लावावा. १९९५ मध्ये ७७७ सेवेत आले तेव्हा अनेक कंपन्यांनी त्यात एका ओळीत नऊ आसने ठेवली होती आणि वाटा २५.७ इंच होता. पुढे त्याच विमानात दहावे आसन घुसवण्यात आले. अमेरिकन एअरलाइन्स, कॅथे पॅसिफिक अशा एकेकाळी नऊवर थांबलेल्या कंपन्याही या वाटेने गेल्या. वाटा २३.१ इंचांवर आला आणि प्रत्यक्ष आसनाची रुंदी जेमतेम सतरा इंच उरली. ७८७ ची रचना आठ आसनांना सोयीची होती, पण जवळजवळ साऱ्या जगाने तेथे नऊ बसवली आणि वाटा २७ वरून २४ इंचांवर उतरवला. जपान एअरलाइन्सने मात्र आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७ विमानांत आठच आसने ठेवली. तिच्या सामान्य वर्गातील प्रवाशाला रुंदीत मिळणारा २७ इंचांचा वाटा ए-३५० च्या प्रीमियम इकॉनॉमीतील २७.६ इंचांच्या जवळपास पोहोचतो. एका कंपनीने जे सर्वांना दिले, तेच दुसऱ्या कंपन्या वेगळा पडदा लावून ज्यादा भाड्याने विकतात. रुंदी निसर्गाने किंवा विमानशास्त्राने ठरवलेली नाही. ती कंपनीच्या संचालकमंडळाने ठरवलेली आहे, एवढे सिद्ध करण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

पुढच्या-मागच्या ओळींमधील अंतराची कथा निराळी नाही. १९७० च्या दशकात सामान्य वर्गात ३४ इंचांचे अंतर रूढ होते. आज ते बहुतेक ठिकाणी ३१ ते ३२ इंच आहे. प्रीमियम इकॉनॉमीत ते सामान्यतः ३८ इंच आणि काही कंपन्यांत ४० इंच असते. आजच्या सामान्य वर्गाशी तुलना केली तर सहा-सात इंचांची चैन दिसते. पन्नास वर्षांपूर्वीच्या सामान्य प्रवाशाशी तुलना केली तर त्यातील दोन-तीन इंच हे त्याच्याकडूनच काढून घेतलेले आहेत. शिवाय पाठ मागे कलण्याची सोय प्रवाशाला मिळते ती बहुधा मागच्या प्रवाशाच्या जागेतून. जपान एअरलाइन्ससारख्या काही कंपन्यांनी स्थिर कवचाचे आसन वापरले आहे. त्यात बैठक कवचातच पुढे सरकते आणि मागच्याच्या तोंडावर काही येत नाही. पुढे नुसती भिंत असलेली पहिली ओळ मोकळी भासते, पण तेथे जेवणाची फळी हाताच्या दांड्यातून निघते, म्हणून दांडा वर उचलता येत नाही. असे बारकावे प्रवाशाला तिकीट काढताना कोणी सांगत नाही.

एका बाबतीत मात्र वर्गभेदाचे काही चालत नाही. ७८७ आणि ए-३५० या विमानांच्या सांगाड्यात कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचा मोठा वापर आहे. त्यामुळे आतील हवेचा दाब जुन्या विमानांप्रमाणे आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका विरळ न ठेवता सहा हजार फुटांच्या पातळीवर ठेवता येतो आणि आर्द्रताही अधिक राखता येते. थकवा आणि डोकेदुखी कमी होण्यास याची मदत होते. गेल्या दोन-तीन दशकांत प्रवाशाच्या सुखात पडलेली ही कदाचित सर्वांत मोठी भर होय आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सर्वांना सारखीच मिळते. हवा पडद्याआड अडवून विकता येत नाही, एवढेच तिचे कारण! जे अडवता येते ते अडवले गेले आहे.

ही केवळ नफ्याची हाव नाही. तिच्यामागे एक शास्त्र आहे आणि ते जुने आहे. फ्रेंच अभियंता व अर्थशास्त्रज्ञ ज्यूल द्युपुई याने १८४९ मध्ये रेल्वेच्या भाड्याचा विचार करताना एक मर्मभेदी निरीक्षण नोंदवले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नव्हते आणि बाके लाकडी होती. छप्पर घालण्यास फारसा खर्च आला नसता. तरीही ते घातले जात नव्हते, कारण दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा उतारू मग तिसऱ्या वर्गात बसला असता. गरिबाला भिजवण्यात कंपनीला आनंद नव्हता; ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला धाक घालण्यासाठी गरिबाला भिजवणे आवश्यक होते. प्रीमियम इकॉनॉमीचे सारे अर्थकारण या एका निरीक्षणात सामावले आहे. सामान्य वर्ग जितका असह्य, तितका मधला वर्ग आकर्षक. दहावे आसन घुसवल्याने दोन फायदे होतात: एक जास्तीचे तिकीट विकले जाते आणि उरलेल्या नऊ जणांपैकी एखादा पुढच्या खेपेस पडद्यापलीकडे जाण्याचा विचार करू लागतो.

विमानकंपन्यांच्या इतिहासातही याचा दाखला आहे. १९५८ मध्ये उत्तर अटलांटिक मार्गावर ‘इकॉनॉमी’ वर्ग सुरू झाला, तेव्हा कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयाटाने, या वर्गाला साधी सँडविचेच द्यावीत असा नियम केला. स्कँडिनेव्हियन कंपनीने उत्तम, भरगच्च सँडविचे वाढली. त्याबद्दल अमेरिकन कंपन्यांनी तक्रार केली आणि स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड झाला. स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला चांगले खाऊ घालणे हा अपराध ठरला! मुक्त स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, आसने दाटीने बसवल्यामुळेच विमानप्रवास स्वस्त झाला आणि सामान्य माणूस आकाशात उडू लागला. ज्याला ऐसपैस जागा हवी त्याने पैसे मोजावेत, यात अन्याय तो कोणता? या युक्तिवादात तथ्यांश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानवाहतुकीवरील नियंत्रणे उठल्यानंतर भाडी उतरली, हे खरे आहे. पण मग हिशेब पुरा करावा. ३१ इंच अंतर आणि २३.१ इंच वाटा धरला तर ७७७ मध्ये सामान्य प्रवासी सुमारे ७१६ चौरस इंच व्यापतो. ३८ इंच अंतर व २८.९ इंच वाटा धरला तर प्रीमियम इकॉनॉमीचा प्रवासी सुमारे १,०९८ चौरस इंच. जागा दीडपट. भाडे मात्र अनेक मार्गांवर दीडपटीच्या पुढे आणि प्रसंगी दुपटीपर्यंत जाते. मधला वर्ग हा जागेच्या मानाने अतिशय किफायतशीर आहे, असे कंपन्यांचे अधिकारी भागधारकांपुढे उघडपणे सांगतात. तेव्हा सामान्य प्रवाशाची दाटी ही केवळ त्याच्या स्वस्त तिकिटाची किंमत नव्हे. वरच्या वर्गाचा भाव टिकवण्यासाठी तो देत असलेला तो करही आहे. आणि निवडीचे स्वातंत्र्य म्हणाल, तर ज्या वस्तूचे माप विक्रेता सांगत नाही तिची निवड ही निवड नव्हे.

शिवाय प्रश्न केवळ सुखाचा नाही. चार तास किंवा अधिक काळ हालचालीविना बसल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधनाने २००७ मध्ये दाखवले. निरोगी माणसाला हा धोका अल्पच असतो आणि तो बस वा रेल्वेतही असतो, हेही त्या संशोधनाने सांगितले. पण ज्या ओळीत उठण्यासाठी दोन झोपलेली माणसे ओलांडावी लागतात, तेथे वृद्ध प्रवासी हालचाल टाळतो, हे सांगण्यास संशोधन नको. अपघातात अर्धीच दारे वापरून नव्वद सेकंदांत विमान रिकामे झाले पाहिजे, असा नियम आहे. २०१८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने आसनांची किमान मापे वर्षभरात ठरवण्याचा आदेश तेथील विमानवाहतूक प्रशासनाला दिला. प्रशासनाने चाचण्या घेतल्या त्या १८ ते ६० वयाच्या धडधाकट माणसांवर, २०२२ मध्ये जनतेची मते मागवली आणि हजारो लोकांनी ती पाठवली. वर्षभराची मुदत कधीच उलटून गेली. मापे ठरली नाहीत.

भारतातही हा वर्ग आता स्थिरावला आहे. १९५३ मध्ये राष्ट्राच्या मालकीची झालेली एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटा समूहाकडे गेली. जानेवारी २०२४ मध्ये तिने सेवेत आणलेल्या ए-३५० विमानात ३१६ आसने आहेत: बिझनेसची २८, प्रीमियम इकॉनॉमीची २४ आणि सामान्य वर्गाची २६४. सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून सामान्य वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील सर्व वर्गांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर ठेवला. म्हणजे पाठदुखीमुळे नाइलाजाने मधला वर्ग घेणारी वृद्धाही सरकारच्या लेखी चैनखोर ठरली. चैनीवर कर बसवण्यापूर्वी गरज म्हणजे किती इंच, हे सरकारने ठरवायला नको काय? आणि हा रोग विमानापुरता राहिलेला नाही. २०२१ मध्ये रेल्वेने तिसऱ्या वातानुकूलित वर्गाचा ‘इकॉनॉमी’ डबा काढला आणि ७२ बर्थच्या जागी ८३ बसवले.

याच रेल्वेत एकदा उलट दिशेने पाऊल पडले होते. १९७७ मध्ये प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात प्रवासी उघड्या लाकडी फळ्यांवर झोपत असत. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसवण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षी मुंबई-हावडा मार्गावर वर्गविरहित गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. त्यांनी वरच्या वर्गाची गादी काढून घेतली नाही. खालच्या वर्गाची पातळी वर उचलली. पुढे सरकारे आली नि गेली, पण ती दोन इंचांची गादी काढून टाकण्याची हिंमत कोणाला झाली नाही. आज तिची सवय इतकी झाली आहे की, ती कोणी मिळवून दिली हेही लोक विसरले.

म्हणून मागणी साधी ठेवावी. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने लांब पल्ल्याच्या उड्डाणांसाठी आसनाची किमान रुंदी आणि ओळींमधील किमान अंतर कायद्याने ठरवून द्यावे. वर्ग कोणताही असो, प्रत्येक तिकिटावर ही दोन्ही मापे इंचांत छापण्याची सक्ती करावी. किमान मर्यादेच्या वर ज्याला जेवढे विकायचे असेल तेवढे त्याने विकावे. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु छप्पर काढून घेऊन छत्री विकण्याचा धंदा बंद झाला पाहिजे. एका समाजवादी मंत्र्याने दोन इंच दिले होते. ते परत मागण्यात कार्यकर्त्यांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही.