फ्रिजचा वास आणि बाईचं ताट

आमच्या घरात कांदा येत नाही, लसूण येत नाही, बटाटाही नाही. तरी फ्रिजला वास येतो. गेल्या मे महिन्यात आतेसासूबाई लिंबू काढायला उठल्या, दार उघडलं आणि पदर नाकाला लावून म्हणाल्या, "काय गं, पुसत-बिसत नाहीस का कधी?" बैठकीत पुरुषमंडळी बसली होती. सगळ्यांनी ऐकलं. फ्रिज सहा माणसांचा, वास मात्र माझा एकटीचा!

तेव्हा मी गप्प राहिले. आता बोलते.

पाहुणे गेल्यावर मी फ्रिज रिकामा केला आणि आतलं सगळं ओट्यावर मांडलं. परवाच्या कणकेचा गोळा, वरून काळा पडलेला. वाटीभर कढी. कोथिंबिरीची जुडी, पिशवीतच पाणी सुटून तिचा चिखल झालेला. लेकानं अर्धं सोडलेलं पनीर. "स्वस्त होती" म्हणून यांनी आणलेली दीड किलो चवळीची शेंग, तळची लिबलिबीत. आणि स्टीलच्या डब्यात चिन्नोरचा भात. आमच्या बालाघाटचा हा तांदूळ; २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शिजायला लागला की शेजारणीला कळतं, असा त्याचा सुवास. दोन रात्री कढीशेजारी राहून त्या भाताला कढीचाच वास लागलेला. मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं.

यातली एक वस्तू माझ्या जिभेसाठी ठेवलेली नव्हती. संपवायची होती मात्र मीच.

वास घालवायचे उपाय विचारायला गेलं की दहाजणी दहा सांगतात. लिंबाची फोड ठेव, खायचा सोडा ठेव, कोळसा ठेव, कॉफी ठेव. लिंबू आणि कॉफी म्हणजे वासावर वास. नालीपुढे उदबत्ती लावावी तसं. सोडा आंबट वासाला थोडा मारतो. कोळसा आपल्या बारीक छिद्रांत वास धरून ठेवतो. खोटं नाही ते. पण कढीची वाटी आत तशीच असेल तर सोडा बिचारा किती पुरणार? त्यातून नव्या फ्रिजमध्ये पंखा असतो, तो एका कप्प्याची हवा सगळीकडे फिरवतो. म्हणून बर्फालासुद्धा कढीचा वास लागतो.

आपल्या आज्यांना हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. ज्याची चव, वास, रंग बदलला ते चलितरस, म्हणजे अभक्ष्य. पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. रात्र ओलांडलेली पोळी नको. फ्रिज आला आणि आपण समजलो की मर्यादा संपली. थंडीनं जंतू मरत नाहीत बाई, नुसते मंदावतात. बुरशी तर ४-५ अंशांतही सावकाश वाढत राहते. आणि बुरशी ही आपल्याकडे अनंतकाय. बटाट्याला आपण ज्या कारणानं हात लावत नाही, तेच कारण त्या लोणच्याच्या बरणीवरच्या पांढऱ्या थराला लागू आहे. तो थर चमच्यानं बाजूला करून खालचं खाणारी बाई प्रवचनाला पहिल्या ओळीत बसते. मीही बसले आहे.

आता खरी गोष्ट. महाराजांच्या आहाराचा चौका लागतो तेव्हा फ्रिजमधलं काही चालत नाही. पीठ ताजं, पाणी गाळलेलं, दूध त्याच वेळचं. तसंच असायला हवं, त्यावर माझा वाद नाही. मग घरच्या पुरुषांना ताजी पोळी. मुलांना ताजी, कारण ती शिळी खात नाहीत. सासऱ्यांना ताजी, त्यांना पचत नाही. मग त्या फ्रिजमधलं खातं कोण? दुपारी अडीचला, ओट्याशी उभी राहून, डब्यातूनच? अन्न टाकू नये हे तिला लहानपणी शिकवलं आहे. आणि वास आलेलं खाऊ नये हेही तिलाच शिकवलं आहे. दोन्ही पाळायचं तर तिनं वास यायच्या आत सगळं खाऊन संपवावं, एवढीच वाट उरते. एखाद्या दिवशी तिचं पोट भरलेलं असतं, त्या दिवशी फ्रिजला वास येतो.

कुणी म्हणतील, फ्रिजच काढून टाका, तीनदा ताजं शिजवा, धर्मही पाळला जाईल. हे म्हणणारे कधी ओट्याशी दिसत नाहीत. माझी आई कारंज्याला फ्रिजशिवाय संसार करत होती. पहाटे चारला उठायची, सूर्यास्ताच्या आत रात्रीचं जेवण उरकायची, आणि मधे तिची पाठ जमिनीला टेकलेली मला आठवत नाही. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. मी नोकरी करते, फ्रिज मला हवा आहे. ताजं ज्यांना हवं त्यांनी कणीक मळावी. परातीला हात लावला म्हणून व्रत मोडत नाही.

मी काय केलं ते सांगते. उरलेलं काढलं, पुढच्या गोठ्यात गाईला चालेल ते दिलं, बाकीचं मातीत पुरलं. प्लग काढला. बर्फ आपोआप वितळू दिला. चाकूनं खरवडू नका, आतली नळी फुटली तर फ्रिज गेलाच म्हणून समजा. कप्पे काढून धुतले, आतून कोमट पाण्यात सोडा घालून पुसलं. दाराच्या रबराच्या घड्यांत काळं साचतं, तिथं जुना ब्रश फिरवला. आत मागच्या बाजूला पाणी वाहून जायचं भोक असतं, ते मोकळं केलं. फ्रिजच्या पाठीमागे कॉम्प्रेसरजवळ पाणी साठायचा ट्रे असतो. लग्नाला बावीस वर्षं झाली, तो मी पहिल्यांदाच पाहिला. निम्मा वास तिथंच होता! सगळं कोरडं करून दार चार तास उघडं ठेवलं. मग सोड्याची वाटी.

संध्याकाळी यांना म्हटलं, "अहो, यापुढे भाजी अर्धा किलोच्या वर आणाल तर निवडून, चिरून तुम्हीच ठेवायची. आणि रात्री उरलं तर ते सकाळी सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं येईल, नाहीतर मापातच शिजेल." सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी मात्र त्यांनी आपणहून भाताचं माप कमी करून दिलं, आणि हळूच सांगितलं, "मीही चाळीस वर्षं उभ्यानंच खाल्लं गं."

आतेसासूबाई दिवाळीला यायच्या आहेत. लिंबू दाराच्या वरच्या कप्प्यात आहे. मागचा ट्रे पुसायची पाळी या महिन्यात यांची आहे.