मक्याचा तांबेरा आणि चार बाटल्या

बांधावरून / शिवारकर

भाच्याचा फोन आला. "मामा, मक्यावर तांबडे ठिपके पडलेत. फोटो टाकलाय, बघा जरा." फोटो उघडेपर्यंत कळलं की फवारणी आदल्या दिवशीच उरकली होती. दुकानदाराने चार बाटल्या दिल्या होत्या: एक बुरशीनाशक, एक अळीचं, एक टॉनिक आणि चौथी 'सगळ्यांत चालते म्हणून'. चारही एकाच पंपात. कणसं कुठवर आलीत, असं विचारलं तर म्हणाला, "दाणे कडक व्हायला लागलेत." मग बोलण्यासारखं फारसं उरलं नाही.

तरी त्याला एक काम सांगितलं. पानावरून बोट घासून बघ. बोटाला विटकरी भुकटी लागली. म्हणजे तांबेरा होता खरा. ही चाचणी फुकट आहे आणि तिच्यात फसगत कमी. मक्याचा करपा येतो तेव्हा पानावर लांबट, होडीच्या आकाराचे राखाडी चट्टे दिसतात. ते घासले तर बोट कोरडंच राहतं. 2018 पासून लष्करी अळीने आपल्याला इतकं घाबरवलंय की पान खराब दिसलं की हात आधी अळीच्या औषधाकडे जातो. तांबेऱ्याला त्या औषधाचा काडीचा उपयोग नाही.

रब्बीच्या मक्यावर येतो तो बहुतेक वेळा साधा तांबेरा. पानाच्या दोन्ही बाजूंना लांबट, दालचिनीच्या रंगाचे फोड येतात आणि पीक पिकत आलं की ते काळे पडतात. त्याला थंडी लागते, साधारण 16 ते 23 अंश, आणि पानावर काही तास टिकणारा ओलावा. डिसेंबर-जानेवारीतल्या दवाच्या रात्री म्हणजे त्याची चंगळ. दुसरा प्रकार उष्ण हवेतला. त्याचे फोड बारीक, गोलसर, नारिंगी आणि मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूला. तो जास्त वेगाने पसरतो आणि जास्त नुकसान करतो.

साध्या तांबेऱ्याची एक खूण फार कमी जण बघतात. वाऱ्याने आलेले बीजाणू पोंग्यात पडतात, तिथे पाणी साचलेलं असतं, तिथेच ते रुजतात. पुढे ते पान उलगडतं तेव्हा त्यावर फोडांचा आडवा पट्टा दिसतो. पट्टा आज दिसला तरी लागण आठ-पंधरा दिवसांपूर्वीची असते. म्हणून रब्बीचा मका गुडघ्याच्या वर गेला की आठवड्यातून एकदा शेतात शिरून पोंगे बघावेत. बांधावर उभं राहून नव्हे.

पाण्याचंही तसंच. तुषार संच सूर्य कलताना लावला की दव पडायच्या आधीच पान ओलं होतं आणि सकाळपर्यंत वाळत नाही. भर रात्री, दव पडलेलंच असताना पाणी दिलं तर ओलाव्याचे तास फारसे वाढत नाहीत. रात्रीच्या लाईटला आपण शिव्या घालतो, इथे मात्र ती थोडीफार कामाची. ठिबक असेल तर प्रश्नच नाही.

रोग आला म्हणून धाटं जाळणारेही भेटतात. करप्याची बुरशी वाळल्या धाटांवर टिकते, तांबेऱ्याची नाही. तिला हिरवं, जिवंत पान लागतं. ते आपण तिला बारा महिने पुरवतो: खरिपाचा मका, रब्बीचा मका, उन्हाळ्यात चाऱ्याचा. मध्ये खंडच नाही.

फवारणीला माझा विरोध नाही, वेळ चुकवण्याला आहे. तुरा निघण्याच्या सुमाराला कणसाजवळच्या आणि त्यावरच्या पानांवर फोड चढताना दिसले, तर खर्च करावा. दाणा मुख्यतः तीच पानं भरतात. मॅन्कोझेब 10 लिटरला 25 ग्रॅम ही नेहमीची शिफारस, पण ते रोग येण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला उपयोगी पडतं. खालच्या दोन पानांवर चार ठिपके आहेत, किंवा दाणा कडक झालाय, तर पंप घरीच राहू द्या. लेबलवर मका लिहिलाय का ते बघा. आणि हिरवा मका गोठ्यात किंवा मुरघासाला जाणार असेल तर फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, तेही वाचा. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2,400 रुपये आहे आणि बाजारात तोही हमखास हाती पडत नाही. त्यात चार बाटल्या कुठे बसवायच्या?

माझं खरं भांडण बियाण्याच्या पिशवीशी आहे. 1949 मध्ये उष्ण हवेतला तांबेरा पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओनमध्ये पोचला आणि काही वर्षांतच उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेभर पसरला. तिथल्या मक्याने तो शतकानुशतके पाहिलाच नव्हता, त्यामुळे प्रतिकारही उरला नव्हता. पुढे तो मका सावरला त्याचं श्रेय बियाण्यातल्या प्रतिकाराला, औषधाला नाही. इतकं लांब जायचीही गरज नाही. सांगली-कोल्हापूरकडे सोयाबीनला तांबेऱ्याने बेजार केलं तेव्हा कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने फुले अग्रणी, फुले संगम असे तग धरणारे वाण दिले. मक्यात बाजार खासगी संकरित बियाण्यांचा. पिशवीवर कणसाचा चकचकीत फोटो असतो, दिवस असतात, पण हा वाण तांबेऱ्याला किती बळी पडतो ते मी हाताळलेल्या एकाही पिशवीवर ठळक छापलेलं नव्हतं. ते छापणं सक्तीचं करावं, ही कृषी खात्याकडे माझी मागणी आहे. तोवर पेरणीआधी दुकानदाराला तोंडावर विचारा, आणि गेल्या वर्षी गावात कोणाचा मका स्वच्छ राहिला ते लिहून ठेवा.

शेवटी भाच्याला विचारलं, वाण कोणता होता रे? आठवत नव्हतं त्याला. पिशवी पेरणीच्या दिवशीच फेकून दिली होती.