मधली रिकामी वर्षं

उरणात काम सुटलं की पहिला सल्ला ठरलेला: कुणाची तरी चिठ्ठी आण. चिठ्ठीनं गोदामाचं गेट उघडतंही. पण आतला माणूस पीएफचा फॉर्म 11 पुढे सरकवतो आणि त्यात आधीची नोकरी कधी सोडली, ती तारीख असतेच. मग बायोडेटात मधली दोन वर्षं बुजवायची कशाला? करंज्याला बोटीवर गेलात, भावाचा टेम्पो चालवलात, आईच्या आजारपणात घरी राहिलात. जे असेल ते एका ओळीत लिहा. त्यापेक्षा आधी लायसन्सची मुदत तपासून बघा. ट्रेलरवाल्यांची खरी अडचण तिथे होते. ट्रान्सपोर्टचं लायसन्स 5 वर्षांचं. मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी, आणि घरी बसलेल्या माणसाच्या हातून नेमकी हीच तारीख निसटते. जेएनपीटी बंदरात कायम नोकरीची आस मी समजू शकतो, त्या बंदरासाठी जमिनी आपल्या गेल्यात. पण 1999 पासून तिथे खासगी टर्मिनलंही आहेत, भरतीचं दार एकच राहिलेलं नाही. शिवाय जानेवारी 2024 पासून उरणहून लोकल सुटते. नेरूळ-बेलापूरच्या जागांनाही अर्ज टाका, मात्र शेवटच्या गाडीची वेळ विचारूनच शिफ्ट कबूल करा.