सूर चिरकतो तो ब्रेकवर

क्लॅरिनेट शिकणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो तासांचा. रोज चार तास फुंका, बोटं आपोआप वळतील. हे मत टाकाऊ नाही, कारण त्यामागे माणसं उभी आहेत. लग्नसराईत भर उन्हात वरातीपुढे चालत वाजवणारे बँडवाले कुठलंही पुस्तक न उघडता तयार झाले. त्यांचा दम आणि पाठांतर पाहून कुणीही गप्प व्हावं. दम तासांनी येतो, हे मान्य. सफाईही तासांनीच येते, हे मात्र साफ खोटं.

कारण वाद्याच्या नळीतच आहे. बासरीवर फुंकीचा जोर वाढवला की सूर एक सप्तक वर जातो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि एका बाजूने बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे रजिस्टर की दाबली की सा वरून सूर थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर उडी घेतो. मधली मोठी जागा भरून काढताना बोटांची कसरत होते. लेखी बी-फ्लॅट डाव्या हाताच्या दोन कींवर निघतो. लगेच पुढचा बी काढायला जवळजवळ सगळी बोटं एकाच क्षणी बसावी लागतात. वादक याला ब्रेक म्हणतात.

आता अख्खी चाल पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्याचं पाहा. ब्रेक येतो, अनामिका किंचित उशिरा पडते, सूर चिरकतो आणि गडी पुढे सरकतो. त्याचा रियाज होतो तो चिरकण्याचाच. त्याऐवजी दोनच सूर घ्यावेत, ब्रेकच्या खालचा ए आणि वरचा बी. मेट्रोनोम साठवर ठेवावा आणि ए वाजतानाच उजव्या हाताची बोटं भोकांवर ठेवून द्यावीत. त्या सुराला त्यांनी फारसा फरक पडत नाही आणि पुढचं निम्मं काम आधीच होतं. मग अलीकडचा एक सूर जोडावा, पलीकडचा एक. आपला गवईसुद्धा खर्ज भरतो, पलटे घोटतो. बंदिश दिवसभर म्हणत बसण्याला तो रियाज म्हणत नाही.

दुसरा गैरसमज ओठांचा. वरचे सूर यायला जबडा आवळा, असं सर्रास सांगतात. आवळल्याने रीडचं कंपन दबतं, सूर चढा लागतो आणि आवाज बारीक होतो. परीक्षा सोपी आहे. खालचा एखादा सूर लांब धरावा आणि मित्राने न सांगता रजिस्टर की दाबावी. वरचा सूर लगेच, स्वच्छ उमटला तर ओठांची पकड ठीक. नाही उमटला तर दोष बहुधा फुंकीत किंवा पकडीत, ताकदीत नव्हे. (साडेतीन नंबरची कडक रीड वाजवतो म्हणून मिशीला पीळ देणाऱ्यांनी ही परीक्षा आधी द्यावी.)

जॅझचा नामांकित क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन याच्यापेक्षा जास्त तास कोणी वाजवलं असेल? 1938 साली त्याने कार्नेगी हॉल गाजवला. तरी चाळिशीच्या उंबरठ्यावर तो क्लॅरिनेटवादक रेजिनाल्ड केल यांच्याकडे शिकायला गेला आणि वरचे दात माउथपीसवर टेकवण्याची लहानपणापासूनची सवय मोडून दोन्ही ओठांची पकड शिकला. त्याला कीर्ती जुन्या सवयीनेच दिली, हा आक्षेप खरा आहे. पण तासांनीच सगळं मिळत असतं, तर एवढ्या नावाजलेल्या माणसाला विद्यार्थी व्हायचं कारण नव्हतं.

उलट टोकाच्या गुरुजींशीही माझं जमत नाही. वर्षभर नुसते लांब सूर आणि सरगम देणाऱ्यांचे विद्यार्थी मैफलीत पहिल्याच चुकीला थांबतात, कारण थांबण्याचीच सवय लागलेली असते. म्हणून बैठकीच्या शेवटी एक चाल पूर्ण वाजवावी, एकदाच. चिरकलं तरी ठेका सोडू नये. कुठे चिरकलं ते पेन्सिलीने खूण करून ठेवावं. उद्याची सुरुवात तिथून.