ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये गाडी जप्त झाली? सोडवायची कशी, जाणून घ्या

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

गाडीचे काय? आरसी, विमा, पीयूसी आणि ओळखपत्रासह मालकाने कोर्टात अर्ज करायचा. हमीपत्रावर ताबा मिळू शकतो. खटला मात्र सुरूच राहतो.

गाड्या पोलीस ठाण्यात दीर्घकाळ पडू देऊ नका, असे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच बजावले. सोबत दारू न प्यायलेला लायसन्सधारक असेल तर गाडी त्याच्याकडे द्यावी, असे तेलंगणा हायकोर्टाने २०२१ मध्ये सांगितले. महाराष्ट्रातही हीच पद्धत हवी. शिक्षा पिणाऱ्याला व्हावी. घरच्यांना हेलपाटे कशाला?