बाटलीवर न छापलेला इशारा

दारूच्या बाटलीवर मद्यपान आरोग्याला घातक असल्याचा आणि पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा छापणे २०१९पासून आपल्याकडे बंधनकारक आहे. त्यात गाडी आली, पण गर्भ मात्र राहून गेला.

गर्भावर दारूचा परिणाम होतो, हे काही आज कळलेले नाही. फ्रान्समधील नांत शहरात पॉल लेमोआन यांनी १९६८मध्ये अशा १२७ मुलांची नोंद केली. १९७३मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी या व्याधीला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले. खुंटलेली वाढ, चेहऱ्याची वेगळी ठेवण, मेंदूवरील परिणाम यांची चर्चा पुष्कळ झाली. हृदयाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वास्तविक अशा बाळांमध्ये हृदयाच्या पडद्याला छिद्र असणे हा वारंवार दिसणारा दोष आहे. काहींमध्ये हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची रचनाच बिघडते.

खरी अडचण वेळेची आहे. गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी हृदयाचा ठोका सुरू होतो, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम आठवड्याने. आठव्या आठवड्यापर्यंत हृदयाचे कप्पे पाडून झालेले असतात. आपल्याकडे गर्भवतीची नोंदणी पहिल्या बारा आठवड्यांत व्हावी असे सांगितले जाते. ती वेळेत झाली तरी तोवर हृदय बहुधा घडून गेलेले असते! म्हणूनच ‘आता दारू नको’ हा सल्ला दवाखान्यात मिळून भागत नाही, तो आधीच कानावर पडलेला हवा.

राज्यात २०२२मध्ये सुपरमार्केटमधील वाइनविक्रीवरून वाद झाला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे ऐकू आले. वारेतून गर्भापर्यंत पोचते ते इथेनॉल. ते द्राक्षाचे की मोहाचे, याने गर्भाला काहीच फरक पडत नाही. गरोदरपणात किती दारू सुरक्षित, याचे ठरलेले प्रमाण नाही. अमेरिकेत १९८९पासून बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी इशारा छापतात, फ्रान्समध्ये चित्र असते. आपल्या लेबलवर आणखी एक ओळ किंवा एक चित्र मावायला हरकत नसावी. आपल्याकडे बायका पितात कुठे, असे म्हणून हा विषय बाजूला सारणाऱ्यांनी शहरांकडे आणि काही आदिवासी पाड्यांकडेही एकदा पाहावे.

मात्र प्रत्येक हृदयदोषाचे खापर आईवर फोडणे हा शुद्ध अन्याय ठरेल. जन्मजात हृदयदोष हजार बाळांमागे आठ-नऊ जणांत आढळतात आणि बहुतेकांचे एकच एक कारण सापडत नाही. नकळत दारू घेतली गेलेल्या सगळ्याच बाळांना असा दोष होतो, असेही नाही. अशा स्त्रीने घाबरून लपवण्यापेक्षा दारू लगेच थांबवावी आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. डॉक्टरांनीही तोंड वाकडे न करता ऐकावे. अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान फीटल इको तपासणीत मोठे दोष बहुधा दिसतात. प्रसूती कुठे करायची, हे मग आधीच ठरवता येते. पडद्याची लहान छिद्रे अनेकदा शस्त्रक्रियेविना आपोआप बुजतात.